कानाचं मॉडेल घेताय? ठोकळ्यातल्या रांगा आधी मोजा

सांगलीत शाळा-कॉलेजांना विज्ञान साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत कानाचा एक जोडसंच मिळतो. एक तीनपट मोठा कान, पाटावर बसवलेला, सुटे भाग निघणारा. दुसरा कॉर्टीच्या अवयवाचा ठोकळा, म्हणजे आतल्या कानात ज्या पेशी ऐकतात त्यांचा कापून मोठा करून दाखवलेला तुकडा. दोन्ही एकाच खोक्यात येतात. वेगवेगळे मागितले की दुकानदार कुरकुर करतो. बारावीच्या जीवशास्त्रासाठी कॉलेजं हा संच घेतात, मिरजेत नर्सिंग आणि वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाची मुलंही घेतात.

निकाल आधीच सांगतो. मोठा कान चांगला आहे, बिनघोर घ्या. ठोकळाही घ्या, पण आहे तसा वर्गात नेऊ नका. त्यात पेशी आहेत, पेशींचं बोलणं नाही. एके ठिकाणी तर कोण कोणाशी बोलतं तेच उलटं दाखवलंय. एक दुपार आणि घरातलं किरकोळ सामान खर्च केलं तर ते दुरुस्त होतं. कसं, ते पुढे आहेच.

मोठ्या कानाचं आधी उरकून घेऊ. कर्णपटल, हातोडी आणि ऐरण एका तुकड्यात निघतात. रिकीब आतल्या कानाच्या तुकड्याला चिकटून येते. ही विभागणी योग्य आहे, कारण रिकिबीचा तळवा अंडाकृती खिडकीत बसतो हेच मुलांना हातात धरून दिसायला हवं. माप तपासायला फुटपट्टी लावा. खऱ्या कर्णपटलाचा व्यास साधारण नऊ मिलिमीटर, म्हणजे इथे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवा. रिकीब खरी तीन-सव्वातीन मिलिमीटरची, इथे एक सेंटिमीटर. या संचात दोन्ही बरोबर आहेत. कॉक्लियाचे, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाचे, वेढे अडीच ते पावणेतीन असतात, तेवढेच आहेत. तिन्ही अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात आहेत.

खोट एकच. गोल खिडकी म्हणजे नुसता तपकिरी रंगाचा ठिपका आहे. हे क्षुल्लक वाटतं, पण चौकस मुलगा तिथेच अडतो: आत सगळीकडे द्रव भरलाय, द्रव दाबला जात नाही, मग रिकीब आत जाणार कुठे? उत्तर गोल खिडकीच्या पडद्यात आहे. रिकीब आत गेली की तो बाहेर फुगतो. ठिपक्यावर फुग्याच्या रबराचा नखाएवढा तुकडा चिकटवा, काम झालं.

आता ठोकळा. दुकानात उभ्या उभ्या पहिली गोष्ट करायची ती म्हणजे रांगा मोजायच्या. आतल्या रोमपेशींची (डोक्यावर बारीक रोम असलेल्या ऐकणाऱ्या पेशींची) एक रांग, मग मधला बोगदा, मग बाहेरच्या रोमपेशींच्या तीन रांगा. याच दुकानांत दुसऱ्या बनावटीचे ठोकळे असतात, त्यांत कधी कधी बाहेरच्या दोनच रांगा असतात. तो माल परत करा. आपल्या संचात एक अधिक तीन बरोबर आहे. बाहेरच्या पेशींच्या डोक्यावरचे रोम इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेत, तेही बरोबर. आतल्या पेशींचे रोम जवळजवळ सरळ ओळीत आहेत, तेही बरोबर. इथवर कारागिराने पुस्तक नीट पाहिलंय.

मग पेशींच्या तळाशी पिवळे मज्जातंतू दिसतात, आणि इथे घोळ आहे. बाहेरच्या तिन्ही रांगांना जाडजूड, हळदीच्या कांडीसारखे तंतू जोडलेत आणि आतल्या बिचाऱ्या एका रांगेला एकच बारीक दोरा. खरं चित्र नेमकं उलट आहे. माणसाच्या एका कानात आतल्या रोमपेशी साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या बारा हजारांच्या घरात. मेंदूकडे ऐकू आल्याची खबर नेणारे तंतू तीस हजारांच्या आसपास, आणि त्यांतले सुमारे ९५ टक्के त्या साडेतीन हजार आतल्या पेशींकडेच येतात. उरलेले पाच टक्के बारीक तंतू बाहेरच्या बारा हजारांत वाटले जातात, एक तंतू कितीतरी पेशींना शिवत जातो. म्हणजे संख्येने जास्त त्या बाहेरच्या, पण मेंदूशी बोलतात त्या आतल्या. ठोकळा पाहून मूल याच्या उलट शिकेल आणि पुढे कायम घोटाळ्यात राहील.

दुरुस्ती अशी. आतल्या पेशीच्या तळाशी घड्याळजी वापरतात तसल्या पिन-व्हाइसमध्ये धरलेल्या बारीक सुईने दहा-बारा भोकं पाडा. प्रत्येकातून पिवळा शिलाईचा दोरा ओवून मागे एका जुडीत बांधा. एका आतल्या रोमपेशीला साधारण दहा ते वीस तंतू येतात आणि प्रत्येक तंतू एकाच पेशीकडून खबर घेतो, म्हणून दोरे एकमेकांत गुंतवू नका. बाहेरच्या पेशींचे जाड तंतू कापून टाकू नका, ते लाल रंगवा. लाल का, ते पुढे येईल.

आता बोलणं. ते सुरू होतं रोमांच्या टोकाशी. ठोकळ्यावर रोम नुसते उभे आहेत, टूथब्रशच्या केसांसारखे. खरे रोम पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात आणि बुटक्या रोमाचं टोक शेजारच्या उंच रोमाच्या बाजूला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. हा धागा दोन प्रथिनांचा: कॅडहेरिन २३ आणि प्रोटोकॅडहेरिन १५. रोम उंच बाजूला कलले की धागा ताणतो, बुटक्या रोमाच्या टोकावरचं दार उघडतं आणि पोटॅशियम आत घुसतं. उलट बाजूला कलले की धागा सैल पडतो, दार मिटतं. अगदी हळू आवाजात ही हालचाल एका नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. ठोकळ्यावर हे दाखवायला तंगूस घ्या, सगळ्यात बारीक. बुटक्या रोमाच्या टोकापासून मागच्या उंच रोमापर्यंत तिरका ताणून चिकटवा. एका पेशीवर केलं तरी पुरे, पण दिशा चुकवू नका. आडवा धागा बांधला तर रोम कलल्यावर तो ताणलाच जात नाही आणि सगळं स्पष्टीकरण कोसळतं.

पोटॅशियम आत का घुसतं, हा पुढचा प्रश्न मुलं हमखास विचारतात, कारण मज्जातंतूच्या पाठात त्यांनी सोडियम आत येतं असं पाठ केलेलं असतं. इथे मांडणीच वेगळी. रोमांच्या वरच्या बाजूला जो द्रव आहे, एंडोलिम्फ, त्यात पोटॅशियम भरपूर आणि तो सुमारे अधिक ८० मिलिव्होल्टवर बसलेला. पेशीचं अंतरंग ऋण. या दोहोंतला फरक सव्वाशे मिलिव्होल्टच्या आसपास जातो, म्हणजे दार उघडायचा अवकाश. पेशीच्या खालच्या अंगाला वेगळा द्रव, पेरिलिम्फसारखा, त्यात पोटॅशियम कमी; म्हणून वरून शिरलेलं पोटॅशियम खालून आपोआप बाहेर पडतं. पेशीला ते उपसायला वेगळे कष्ट नाहीत. ठोकळ्यात दोन्ही द्रवांना एकच निळा रंग दिलाय. पेशींच्या माथ्यांची रेघ हे घट्ट झाकण समजा आणि त्याच्या वर जांभळा, खाली निळा असे दोन हात मारा. ॲक्रिलिक रंग चालतो. ऑइलपेंट नको, त्यातलं टर्पेंटाइन या प्लास्टिकला चिकट करतं.

आता या संचात मुळीच नसलेली गोष्ट: आतली पेशी तंतूला खबर देते कशी. पेशी आणि तंतू यांच्यामध्ये फट असते. पोटॅशियम शिरून पेशीचा ऋण भार उतरला की तळाची कॅल्शियमची दारं उघडतात, ग्लुटामेट या रसायनाच्या बारीक पुटिका फटीत रित्या होतात, तंतू पेटतो. चेतासंस्थेत बहुतेक ठिकाणी रीत अशीच असते, पण रोमपेशीत एक खास सोय आहे. फटीच्या तोंडाशी एक गोळा असतो आणि त्याला पुटिका चहूबाजूंनी टांगून ठेवलेल्या असतात, भरलेल्या, तयार. शास्त्रीय भाषेत रिबन सिनॅप्स. आवाज थांबत नाही तोवर पेशीलाही थांबता येत नाही. एकेक पुटिका दुरून आणत बसली तर खबर खंडित होईल. आणि वेळेचा नेमकेपणा इतका लागतो की दोन कानांत पोहोचणाऱ्या आवाजातला दहा मायक्रोसेकंदांचा फरकसुद्धा माणसाला दिशा ओळखायला पुरतो.

हे दाखवायची सगळ्यात स्वस्त युक्ती: वाळलेला हिरवा वाटाणा आणि मोहरी. वाटाण्याला गोंद लावून मोहरीत घोळवा. झाला रिबन, भोवती पुटिका. असा एकेक वाटाणा प्रत्येक पिवळ्या दोऱ्याच्या तोंडाशी, पेशीच्या आतल्या अंगाला बसवा. ठोकळ्यातली पेशी भरीव असेल तर तळाचा चतकोर भाग करवतीच्या पात्याने काढावा लागतो. हळू कापा, घाई केली की प्लास्टिक वितळून पात्याला धरतं. मोहरीवर पातळ व्हार्निशचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते.

या वाटाण्यांचा दुसरा उपयोग असा की ते काढता येतात. २००९ साली उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की मोठ्या आवाजानंतर श्रवणमर्यादा पूर्ववत होते, रोमपेशी शाबूत राहतात, पण आतल्या पेशी आणि तंतू यांचे सांधे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले असतात. वर्गात सांगायचं तर: पेशी जिवंत, तंतूही काही काळ जिवंत, मधलं बोलणं बंद. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहून ‘दुसऱ्या दिवशी कान मोकळा झाला की’ म्हणणाऱ्या मुलांसमोर चार वाटाणे उपटून ठेवा. ओटोफेर्लिन नावाच्या प्रथिनात जन्मतः दोष असेल तर वाटाणे जागेवर असतात पण मोहरी फुटतच नाही. पेशी ऐकते, तंतूला कळत नाही. याच जनुकावर उपचार करून काही बहिऱ्या मुलांना ऐकू येऊ लागल्याचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता त्या लाल रंगाचं. बाहेरच्या रोमपेशींकडे जाड तंतू जातात हे खरं, पण ते मेंदूकडून येणारे. मेंदू या पेशींना ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत सांगतो: जरा आवर. कारण बाहेरच्या पेशींचं मुख्य काम खबर देणं नाही, जोर लावणं आहे. त्यांच्या भिंतीत प्रेस्टिन नावाचं प्रथिन खचाखच भरलेलं असतं. पेशीचा ऋण भार उतरला की ती आखडते, उलट झालं की लांबते, आवाजाच्या तालावर. त्यामुळे या पेशी ज्यावर उभ्या आहेत तो खालचा पडदा जास्त हलतो आणि शेजारच्या आतल्या पेशीला हळू आवाजही पोहोचतो. बाहेरच्या पेशी गेल्या तर ४० ते ६० डेसिबलचा फटका बसतो. पेशी अशा हलतात हे १९८५ च्या सुमारास प्रयोगात दिसलं, प्रेस्टिन २००० साली सापडलं. त्याआधीच, १९७८ मध्ये, डेव्हिड केम्प यांनी दाखवलं होतं की कानातून परत आवाज येतो आणि तो मायक्रोफोनने टिपता येतो. नवजात बाळाच्या कानात छोटं मऊ टोक घालून जी ओएई तपासणी करतात ती हीच: बाहेरच्या रोमपेशींची चाहूल. म्हणून वर सांगितलेल्या ओटोफेर्लिनच्या बाळाची ओएई सुरुवातीला चांगली येऊ शकते आणि बेरा (आवाजाला मज्जातंतू आणि मेंदूने दिलेला प्रतिसाद मोजणारी तपासणी) मात्र येत नाही. नुसत्या ओएईवर विसंबू नये याचं कारण मुलांना ठोकळ्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

प्लास्टिक आखडत नाही, तेव्हा बाहेरच्या एका पेशीचा मधला भाग कापून बॉलपेनातली स्प्रिंग बसवा. बोटाने दाबून सोडली की पुरेसं कळतं.

शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आधारपेशींचा. ठोकळ्यात त्या गुलाबी लिंपणासारख्या भरल्यात, जणू भिंतीतला गिलावा. नावं दिलीत, डायटर्स, हेन्सेन, खांबपेशी, आणि काम काहीच नाही. पण शेजारशेजारच्या पेशी एकमेकींशी थेट बोलतात त्या इथेच. दोन रोमपेशी एकमेकींशी बोलत नाहीत, लगटूनही नसतात. मध्ये आधारपेशी असते. आधारपेशींच्या मात्र सामाईक भिंतींत कनेक्झिन २६ आणि कनेक्झिन ३० या प्रथिनांच्या नळ्या असतात, वाड्यातल्या खोलीतून खोलीत उघडणाऱ्या दारांसारख्या. रोमपेशीने खाली सोडलेलं पोटॅशियम या दारांतून पुढे पुढे सरकत पुन्हा एंडोलिम्फकडे जायच्या वाटेला लागतं, असं मानलं जातं. इतर छोटे रेणूही याच वाटेने फिरतात. कनेक्झिन २६ च्या जनुकातला दोष हे जगभर आनुवंशिक बहिरेपणाचं एक प्रमुख कारण आहे, आणि भारतात त्यातला डब्ल्यू२४एक्स हा बदल वारंवार सापडतो. मूळ दोष रोमपेशीत नाही, शेजारात, आणि मूल बहिरं. ठोकळ्यात ज्याला गिलावा केलंय त्याची ही किंमत.

दाखवायचं कसं? आधारपेशींच्या सामाईक रेषांवर दोन्ही बाजूंनी समोरासमोर पांढरे ठिपके द्या, जोडीजोडीने. रोमपेशीच्या भिंतीला एकही ठिपका लागता कामा नये. ब्रश नको, आगपेटीच्या काडीचं टोक वापरा.

याच पेशींची आणखी एक करामत उंदरांच्या पिल्लांत दिसली आहे. कान ऐकू लागायच्या आधीच आधारपेशी एटीपी हे रसायन सोडतात आणि जवळच्या आतल्या रोमपेशी पेटतात. आवाज नसताना तालीम. हे पदवीच्या मुलांसाठी ठेवा, बारावीला गरज नाही.

तोल सांभाळणाऱ्या रोमपेशींसाठी संचात काहीच नाही. मोठ्या कानातल्या नलिका आहेत, त्यावर भागवावं लागतं. एवढंच सांगा की तिथल्या एका प्रकारच्या पेशीला तंतू पेल्यासारखा पूर्ण कवेत घेतो, आणि त्या चिंचोळ्या जागेत साठणारं पोटॅशियमही तंतूवर थेट परिणाम करतं. रसायनाची वाट न पाहता खबर पोचते, म्हणून ती फार जलद.

माहितीपत्रक फक्त इंग्रजी-लॅटिनमध्ये आहे आणि त्यात एक गंभीर चूक आहे: कॉक्लियाच्या तळाशी जाड आवाज, टोकाशी बारीक आवाज असं छापलंय. उलट आहे. खिडकीजवळचा तळ अरुंद आणि ताठ, तिथे वीस हजार हर्ट्झकडचे तीव्र स्वर. टोकाकडे पडदा रुंद आणि सैल, तिथे खर्ज. लाट तळाकडून टोकाकडे कशी जाते हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. मिरजेच्या सतारीच्या तरफा दाखवून हे समजवायचा मोह होतो: एक स्वर छेडला की त्याचीच तार झणझणते. अर्धंच खरं आहे ते. तरफा सुट्या असतात. हा पडदा सलग आहे आणि त्यावरून लाट धावत येऊन आपल्या जागी उंचावते. तरफांनी सुरुवात करा, तिथे थांबू नका.

टिकाऊपणा मध्यम. मोठ्या कानाचे खुंट्यांचे सांधे वर्षभरात ढिले होतात. खुंटीला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले की पुन्हा घट्ट. सुटे भाग धरणारा चुंबक निखळला तर चटकन चिकटणारा गोंद वापरू नका, त्याच्या वाफेने भोवतालचं प्लास्टिक पांढुरकं पडतं. दोन नळ्यांचा एपॉक्सी घ्या आणि रात्रभर दाबून ठेवा. आकड्यांचे स्टिकर जुलैच्या दमटपणात सुटतात, म्हणून पहिल्याच दिवशी पर्मनंट मार्करने आकडे लिहून टाका. पुसायला साबणाचं पाणी. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला एक ठोकळा दुकानातच ठेवलेला आहे, बघून या: आतल्या रोमपेशींची आख्खी रांग विरघळून गेलीय. खऱ्या कानातही गेलेल्या रोमपेशी पुन्हा येत नाहीत. कोंबडीच्या येतात, आपल्या नाही.

दुकानदाराला ठोकळा वेगळा मागून पाहा. मोठा कान आधीच असेल तर पूर्ण संचाचे पैसे घालण्यात अर्थ नाही, आणि दोनदा मागितल्यावर तो देतो.